वाचलेल्या कादंबरीवर स्वतःची नोंद कशी लिहावी

नुकत्याच वाचलेल्या कादंबरीबद्दल कुणी विचारलं की बहुतेकांच्या तोंडून ‘मस्त आहे, वाच’ एवढंच निघतं. वाचताना मात्र मनात बरंच काही चाललेलं असतं. ते पकडून ठेवायला समीक्षक असावं लागत नाही. वही, शिसपेन्सिल आणि थोडा चेंगटपणा पुरतो.

वाचता वाचता खुणा करा

पुस्तक स्वतःचं असेल तर शेवटच्या कोऱ्या पानावर पान क्रमांक आणि त्यापुढे एक-दोन शब्द लिहा: ‘४७, हसू आलं’, ‘११२, पानं गाळली’. वाचनालयाचं असेल तर आत रेघसुद्धा ओढायची नाही. कागदाची एक लांब पट्टी खूण म्हणून ठेवा आणि तिच्यावरच लिहा. वाक्यंच्या वाक्यं उतरवत बसू नका, वाचनाची लय तुटते. आवडलेल्या जागा आपण आपोआप टिपतो, पण कंटाळून पुस्तक पालथं घातलं ती जागा राहून जाते. तीही टिपा. पुढे तीच जास्त कामाला येते.

दुसऱ्याचं वाचण्याआधी लिहा

शेवटचं पान उलटलं की मलपृष्ठ, प्रस्तावना, परीक्षणं यांतलं काहीही न वाचता आधी आपलं लिहून टाका. एकदा दुसऱ्याचे शब्द कानात शिरले की आपल्यालाही तेच वाटलं होतं असा भास होतो. एक रात्र मध्ये जाऊ द्यायला हरकत नाही, आठवडा मात्र नको.

कथानक तीन वाक्यांत आटपा

नोंदी फसतात त्या बहुधा इथेच. अर्धी वही गोष्ट सांगण्यात जाते आणि आपलं म्हणणं शेवटी ‘एकंदरीत छान’ या दोन शब्दांत मावतं. तीन वाक्यांची मर्यादा घालून घ्या आणि चौथ्या वाक्यापासून ‘मला’ येऊ द्या.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घेऊ. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत एक कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो. हळूहळू तो वाडीचा होतो. मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. गोष्ट संपली. आता समजा पुढचं वाक्य आलं, ‘शेवट वाचून खूप वाईट वाटलं.’ हे खरं असेल, पण इथे थांबायचं नाही. स्वतःला विचारा: वाईट कशाचं वाटलं? दुष्काळाच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचलेल्या असतात. खुणांची पट्टी काढून मागे गेलं की सापडतं, की मास्तरच्या पुढाकाराने वाडीने तालीम बांधली, ती पाने आपण हसत वाचली होती. उद्घाटनाला खुद्द राजा येतो, सगळ्या वाडीची धांदल उडते. जे उभं राहताना आपण पाहिलं, तेच पुढे ओस पडतं. मग वाक्य असं होतं: ‘तालीम बांधताना मीही वाडीबरोबर खूश झालो होतो, म्हणून माणसं निघून गेली तेव्हा मला पहिल्यांदा त्या तालमीची आठवण झाली.’ हे दुसऱ्या कुठल्याच कादंबरीखाली चालणार नाही. नोंदीतलं प्रत्येक विशेषण असं एखाद्या प्रसंगाला बांधता येतं का ते बघा. येत नसेल तर खोडा.

राग आला तर तोही लिहा

गाजलेली कादंबरी आवडली नाही हे लिहायला लोक कचरतात. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) वाचताना पांडुरंग सांगवीकरच्या त्या ‘वगैरे’, ‘उदाहरणार्थ’च्या बोलण्याने कुणी वैतागलं, तर तसं लिहावं. फक्त वैताग कुठे सुरू झाला आणि कुठे थांबला तेही सांगावं. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाच्या पानांवरही तो टिकला का? तिथे विरला असेल तर तुमची नोंद तिथूनच सुरू होते. आणखी एक फरक सांभाळा. पात्राचं वागणं न पटणं वेगळं, कादंबरी न जमणं वेगळं. नायक आळशी आहे, बायकोशी वाईट वागतो, ही तक्रार नायकाकडे करायची. लेखकाकडे तक्रार तेव्हाच, जेव्हा तो तसा का आहे हे पानांवरून कळत नाही.

कोण सांगतंय आणि कुठल्या बोलीत

याला एक-दोन ओळी पुरतात, पण त्या विसरू नका. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली (१९६०) कौतिक आणि तिच्या भोवतालची माणसं वऱ्हाडीत बोलतात, ते बोलणं तुमच्या कानाला ओळखीचं होतं की पहिली काही पानं अडखळत गेली, ते लिहा. विदर्भातल्या वाचकाची नोंद आणि सिंधुदुर्गातल्या वाचकाची नोंद इथे वेगळी होणारच.

पहिल्या आवृत्तीचं साल बघा

हे काम मात्र आपली नोंद लिहून झाल्यावर. सुरुवातीच्या, प्रकाशकाचं नाव-गाव असलेल्या पानावर पहिल्या आवृत्तीचं साल असतं. हातातली आवृत्ती बरीच नंतरची असू शकते. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ पहिल्यांदा आली १९३९ साली. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा ही ज्यू तरुणी भेटतात, त्या प्रेमाची ही गोष्ट. युरोपातल्या ज्यूंचं पुढच्या काही वर्षांत काय होणार हे लिहिणाऱ्याला तेव्हा ठाऊक असणं शक्य नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे हॅर्टाचं साधं बोलणंही आपण धास्तावून वाचतो. त्यातली किती धास्ती पुस्तकातली आणि किती आपण बरोबर आणलेली, हे ज्याने त्याने वेगळं करून पाहावं. साल कळल्यावर मत बदललं तर आधीचं खोडू नका, खाली दुसऱ्या शाईने लिहा. अनुवादित कादंबरी असेल तर त्याच पानावरून अनुवादकाचं नाव टिपा. भाषेबद्दल जे काही म्हणाल ते त्यालाही लागू होतं.

दुसऱ्यांना दाखवायची असेल तर

शेवट उघड करणारी वाक्यं काढा किंवा सुरुवातीलाच तसं सांगून ठेवा. उतारा द्यायचा तर एकच, छोटा, पान क्रमांकासकट. तारे, गुण वगैरे देऊ नका. दहापैकी सात म्हटलं की लोक सातवर वाद घालतात आणि कादंबरी बाजूला राहते. त्याऐवजी ती कुणाला द्याल आणि कुणाला मुळीच देणार नाही, हे एका ओळीत लिहा.