टॅली येतं, पण वीस तारखेला याल का?

अकाउंट्सचं काम शोधणाऱ्या पोरांचा सगळा जोर शिकण्यावर असतो. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर झालं, ॲडव्हान्स एक्सेल झालं, आता जीएसटीचा क्लास. शिका ना, कोण नाही म्हणतं. पण नागपुरात धंतोलीतल्या सीए ऑफिसात काय किंवा गांधीबागेतल्या ठोक दुकानात काय, तुमची परीक्षा एका बिलात होते. रायपूरहून आलेल्या मालाची एंट्री करायला देतात. माल दुसऱ्या राज्यातून आला म्हणून आयजीएसटी लावला, राज्यातल्या राज्यात लागणारा सीजीएसटी-एसजीएसटी नाही, एवढं बघितलं की विषय संपला. मग येतो खरा प्रश्न: "वेळेचं कसं?"

"ॲडजस्ट करून घेईन" असं चुकूनही म्हणू नका. मालक त्यातून "केव्हाही बोलवा" असं ऐकतो, तुमच्या मनात असतं "कॉलेज सांभाळून". भांडणाचं बी तिथेच पेरलं जातं.

मी एम.कॉम. करताना जरा शहाणपणाने "रोज चार तास देईन" असं सांगायची. गांधीबागेतल्या एका सेठने मला मध्येच थांबवलं. "टॅली येते ते दिसून राहिलं. वीस तारखेला असशील का, ते सांग."

हा सापळा नीट समजून घ्या, कारण क्लासमध्ये तो कोणी शिकवत नाही. हे काम तासांवर चालत नाही, तारखांवर चालतं. 7 ला टीडीएस, म्हणजे पेमेंटमधून कापलेला कर भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, 20 ला 3बी म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न. तिमाही रिटर्नवाल्या लहान व्यापाऱ्यांची हीच दोन रिटर्नं तिमाही संपल्यावर 13 आणि 22 ला. 25 तारखेला तुम्ही दांडी मारलीत तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण 10 ला संध्याकाळी "माझे चार तास झाले" म्हणून उठलात तर? जीएसटीआर-1 अडकतो. मग 14 ला निघणाऱ्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत, माल घेणाऱ्या पार्टीला ती बिलं दिसत नाहीत, खरेदीवर दिलेल्या जीएसटीचं तिचं क्रेडिट लटकतं, ती पेमेंट रोखते आणि फोन सेठला येतो. वर लेट फी रोजची 50 रुपये. ती रक्कम किरकोळ, पण ऐकून घ्यावं लागतं ते किरकोळ नसतं. त्यात बिलं शेवटच्या दिवशी पिशवीतून येणार आणि पोर्टल नेमकं त्याच संध्याकाळी गोल गोल फिरणार.

म्हणून जाण्याआधी विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक आणि या तारखा शेजारी ठेवून बघा. मग मोजकंच बोला: "9 ते 11 आणि 18 ते 20 पूर्ण दिवस येईन, बाकी दिवस दुपारी तीननंतर. परीक्षेच्या आठवड्यात नाही." एवढं स्पष्ट बोलणाऱ्याचं कच्चं एक्सेल लोक चालवून घेतात, हे मी स्वतः पाहिलंय. तेव्हा कमी येतं म्हणून घाबरू नका. एंट्री करता करता पक्की होते.

परीक्षाच 20 ला येत असेल तर मात्र ती नोकरी सोडा. गोड बोलून जमणार नाही. सीए ऑफिस असेल तर जुलै आणि सप्टेंबरचंही आधीच बोलून घ्या. आयकर रिटर्न आणि टॅक्स ऑडिटच्या त्या दिवसांत घरी कधी पोचाल, याची खात्री नसते.

"आधी हो म्हण, मग बघू" सांगणारे सीनियर प्रत्येक ऑफिसात भेटतात. त्यांच्या "मग बघू"चा भार नवीन पोरांवर पडतो, म्हणून त्यांना ते सुचतं. आणि "शंभर टक्के प्लेसमेंट"वाल्या क्लासांबद्दल मी न बोललेलंच बरं.

मिहान या नागपूरच्या आयटी-उद्योग भागात अमेरिकी क्लायंटच्या बॅक ऑफिसात जाणार असाल तर वेगळं विचारा. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, म्हणजे संध्याकाळी साडेसहाची शिफ्ट साडेसातची होते आणि सुटायलाही तासभर उशीर. मार्चमध्ये परत उलटं. कॅब दारापर्यंत येते की चौकात सोडते, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारा. मुली असाल तर रात्रपाळीला तुमची संमती लागते, आणि सुरक्षेची सोय करणं मालकाचं काम आहे. ते विचारायला लाजू नका.