शाळेत समुपदेशक नेमायला देणगी द्यायची असेल तर

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात तुर्भे, दिघा किंवा कळव्यातल्या शाळेत मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी पैसे द्यायचे म्हटलं की पहिला प्रस्ताव बहुधा व्याख्यानाचा येतो. एक पाहुणा, सभागृहभर मुलं, मागे देणगीदाराचा बॅनर. तो नम्रपणे नाकारा. पैसा समुपदेशकाच्या पगारात घाला, तोही किमान तीन वर्षांसाठी. पहिलं वर्ष मुलांनी त्याला जोखण्यातच जातं, आणि दुसऱ्या वर्षी माणूस बदलला की पाटी पुन्हा कोरी.

महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांचा होकार पुरत नाही, शिक्षण विभागाची लेखी परवानगी घ्या. खासगी शाळेत संस्थेचा ठराव हवा. हे मार्च-एप्रिलमध्ये उरकलं तर जूनमध्ये शाळा उघडताना माणूस हजर असतो.

मानसशास्त्रात एम.ए., मुलांसोबत प्रत्यक्ष काम आणि मराठीइतकीच सराईत हिंदी, एवढं बघा. एकाकडे दोनच शाळा द्या. दिवसाला ४० मिनिटांच्या पाच भेटी पुष्कळ झाल्या. सहावी घेता येते, पण मग नोंदी लिहायच्या राहून जातात. ज्येष्ठ तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाचे, महिन्यातून दोन बैठकींचे पैसे वेगळे धरा. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे, तेव्हा ‘माणसंच मिळत नाहीत’ ही सबब इथे चालू नये.

खोलीचं दार मुख्याध्यापकांच्या कार्यालयासमोर नको. दोन खुर्च्या, कुलपाचं कपाट, घड्याळ, पंखा. पंखा जरा खडखडणारा असला तर उलट बरं, बोलणं बाहेर जात नाही.

योजना बिघडते ती बहुतेक वेळा शिक्षकखोलीत. मस्तीखोर मुलाला ‘जा मॅडमकडे’ म्हणून धाडलं की समुपदेशन ही शिक्षा ठरते, आणि मग गरजू मूल तिकडे फिरकत नाही. म्हणून जूनमध्येच शिक्षकांसोबत दीड-दीड तासाच्या तीन बैठका घ्या. अचानक वाढलेल्या गैरहजेऱ्या, वर्गात झोप, न उघडलेला डबा, बिघडलेलं अक्षर, अशा खुणा त्यांना सांगा. नाव माईकवर पुकारायचं नाही. मुलांना स्वतःहून चिठ्ठी टाकता येईल अशी पेटी ठेवा. किल्ली फक्त समुपदेशकाकडे.

देणगीदाराला अहवालात आकडे मिळतील. नावं, फोटो नाहीत. हे करारातच लिहा. गुप्ततेलाही मर्यादा आहे. मूल स्वतःला इजा करण्याचं बोललं तर पालकांना त्याच दिवशी कळवायचं. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी आपण चौकशी करू’ हे चालत नाही. फोन कोण करणार, तेही करारात ठरवून टाका.

औषधोपचार लागले तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव ऐकूनच पालक कचरतात, म्हणून पहिल्या भेटीला समुपदेशकाने सोबत जावं. त्या दिवशी पालकाचा रोज बुडतो, तो आणि रिक्षाभाडं खर्चात धरा.

नेमणूक बारा महिन्यांची करा, दहा नव्हे. दहावीचा निकाल शाळा बंद असताना लागतो. सुट्टीपूर्वी प्रत्येक वहीच्या मागे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हे नंबर चिकटवा.