पद्मपाणी शेवटी दाखवा

जर्मन बोलणाऱ्या पाहुण्यांना अजिंठा दाखवते, त्याला सतरा वर्षं झाली. नुकता गाईडचा परवाना मिळालेली पोरं फोन करतात, "ताई, उद्या पहिला ग्रुप आहे, काय वाचून जाऊ?" वाचलेलं त्यांनी भरपूर असतं. अडतं ते भलतीकडेच.

आधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. हसू नका, एका एजन्सीने मला अकरा जण सोमवारीच अजिंठ्यासाठी म्हणून सोपवले होते. नाश्त्याच्या टेबलावर दोन दिवसांची अदलाबदल केली आणि त्यांना वेरूळला नेलं. तेव्हापासून कार्यक्रमाचा कागद हातात आला की पहिलं कॅलेंडर उघडते.

आदल्या रात्रीच सांगून ठेवा: बिननाडीचे बूट, जाड मोजे. चित्रांच्या लेण्यांत बूट काढावे लागतात, तेही प्रत्येक ठिकाणी. एका सत्तरीच्या बाईंच्या नाड्या मी खाली बसून चार लेण्यांपाशी सोडल्या आणि बांधल्या. एप्रिलमध्ये दगड भाकरीच्या तव्यासारखा तापतो, म्हणून पिशवीत मोज्यांचे चार जोड जास्तीचे ठेवते. आणि अत्तर-सेंट नको. कड्यावर आग्या मोहोळं असतात.

संभाजीनगरहून लेणी शंभरेक किलोमीटर. सातला निघायचं म्हणजे सातला चाकं फिरली पाहिजेत. गाडीत इतिहास सुरू करू नका, माना डुलायला लागतात. फुलंब्री-सिल्लोडच्या बाजूला कापूस आणि मका दोन्ही दिसतात. वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्याला विचारून एक फुटलेलं बोंड घेते आणि हातोहात फिरवते. सरकी बोटाला लागली की प्रत्येक जण आपल्या अंगातल्या शर्टाकडे बघतो. तेवढं पुरतं.

गाडी आधी व्ह्यू पॉइंटला न्यायची. तिथून वाघोरा नदीचं घोड्याच्या नालासारखं वळण आणि त्याच्या कड्यात ओळीने कोरलेली तीस लेणी एका नजरेत येतात. पावसाळ्यात सप्तकुंड धबधब्याचं पाणी कोसळत असेल तर पाच मिनिटं कुणी तुमचं ऐकणार नाही, ऐकवूही नका. मग १८१९ सालच्या एप्रिलमधल्या कॅप्टन जॉन स्मिथची गोष्ट सांगा. शिकारीला आलेल्या त्या माणसाला समोरच्या झाडोऱ्यात १० नंबरच्या लेण्याची कमान दिसली. त्याने आत जाऊन काय केलं, ते मात्र आत्ता सांगायचं नाही.

गुडघे धड असतील ते पायऱ्यांनी उतरून पूल ओलांडतात. बाकीचे गाडीने फर्दापूरला आणि तिथून चार किलोमीटर सरकारी बसने. पायऱ्या ओल्या असतील तर सगळेच बसने.

डोलीचा भाव तुम्ही, मराठीत आणि बसायच्या आधी ठरवा. थांबण्याचा वेळ आणि परतीसकट. चार माणसांच्या खांद्यावर बसायची युरोपातल्या लोकांना लाज वाटते. एक आजोबा ताठपणे म्हणाले, "मी काही साहेब नाही." डोलीवाले काही बोलले नाहीत, रिकामी डोली घेऊन शंभर पावलं मागून चालत राहिले. १७ नंबरला आजोबा खाली टेकले, तेव्हा डोली शेजारीच होती.

तिकिटावर प्रश्न येणारच: आम्हाला ६०० रुपये आणि तुम्हाला ४० का? सारवासारव नको. ही आमची वारसावास्तू आहे, आमच्या शाळकरी पोरांना परवडली पाहिजे, एवढं सरळ सांगा. पटतं.

आता क्रम. बहुतेक गाईड १ नंबरपासून सुरुवात करतात. सकाळी सगळी गर्दी तिथेच आणि नजर अजून अंधाराला सरावलेली नसते. मी १० पासून सुरू करते. स्मिथने खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरलीय, ती शोधायला लावते. पाहुणे डोळ्यांच्या उंचीला शोधतात, सही मात्र डोक्याच्याही वर. का? कुणीतरी नेमकं ओळखतंच: तेव्हा लेणं दगडमातीने भरलेलं होतं, स्मिथ त्या ढिगावर उभा होता. इथून पुढे ग्रुप तुमचा.

मग १६, १७, १९ आणि २६ मधला महापरिनिर्वाणाचा बुद्ध. १७ मध्ये जातककथांची, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टींची रांग लावू नका, एकच सांगा. मी सहा दातांच्या हत्तीची सांगते; त्याचे सुळे मागवणारी राणी ते आणलेले पाहून स्वतःच कोसळते, ते भिंतीवर आहे. आणि "फ्रेस्को" शब्द टाळा. इटली पाहून आलेला एखादा हटकतोच, कारण ही चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत. माती, शेण, भाताचं तूस यांचा लेप, वर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. त्यातला निळा अफगाणिस्तानातल्या दगडाचा.

जेवणाच्या वेळी गर्दी ओसरते, तेव्हा २ आणि मग १. १ मध्ये पद्मपाणी आहे, हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र; आत शिरताना त्याचं नाव काढायचं नाही. आधी खांबावरची चार हरणं दाखवा, चौघांत मिळून एकच डोकं. दमलेली माणसं हसतात. मग गाभाऱ्यातला बुद्ध: तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून उजेड एका बाजूने टाकला तर चेहरा उदास, दुसरीकडून टाकला तर हसरा. सगळ्यात शेवटी पद्मपाणीसमोर उभं करा आणि तोंड बंद ठेवा. कमळ, मुकुट, झुकलेली नजर, सगळं त्यांना दिसतं. प्रश्न बाहेर आल्यावर.

जेवणाची ऑर्डर सकाळीच फोनवर सांगा. "कमी तिखट" म्हणू नका, सिल्लोडच्या मिरचीच्या मुलखात त्याला अर्थ नाही. "मिरची घालूच नका" म्हणा. फर्दापूरच्या दुकानांत रंगीत स्फटिक विकायला असतात. वीस मिनिटं देते, पण कमिशन घेत नाही. एकदा घेतलं की पाहुणा तुमच्या पद्मपाणीकडेही संशयाने बघतो. चारनंतर परतीच्या बसला रांग लागते, त्याआधी निघा. टीप मिळाली तर ड्रायव्हरचा वाटा गाडीतून उतरण्याआधी त्याच्या हातात द्या.