बर्डिझो वापरण्याआधी दोरा आणि कागद

गोऱ्हा खच्ची करायला बर्डिझो चिमटा काढलात की आधी त्याचीच परीक्षा घ्या. दुमडलेल्या जाड कागदात सुती दोरा ठेवा आणि चिमटा पूर्ण मिटा. आतला दोरा तुटला, कागद शाबूत राहिला, तर चिमटा ठीक. कागद फाटला तर जबड्याला कुठेतरी धार आली आहे, कातडी कापली जाईल. दोराच तुटला नाही तर जबडे ढिले झालेत. हे जास्त वाईट, कारण वरून काम झाल्यासारखं दिसतं आणि पुढे गोऱ्हा गायींमागे धावतोच.

या चिमट्याचं काम सगळं आतलं: कातडी न फाडता वृषणाची नाळ चेचून रक्तपुरवठा तोडायचा. दोन्ही नाळी एकदम धरू नका. एकेक घ्या, आणि दोन्हीकडचे वळ थोडे वर-खाली येऊ द्या. सलग आडवी पट्टी पडली तर खालची कातडी सडते. (अर्थात हे डॉक्टरांचं काम, तेही बधिरीकरण करूनच.)

काम झाल्यावर चिमटा पुसून, तेल लावून, उघडाच ठेवा. मिटून ठेवला की सांध्यांवर ताण राहतो आणि पकड जाते.