हरितगृहातल्या भाज्यांसाठी मधमाश्या: आधी फूल ओळखा, मग पेटी आणा

हरितगृहात वारा जवळजवळ नसतो आणि बाहेरची माशी आत येत नाही. मग झाड हिरवेगार, फुले लगडलेली, पण फळ धरत नाही, धरले तर वेडेवाकडे. अशा वेळी बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो पेट्या किती लागतील हा. खरे तर तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की तुमच्या पिकाच्या फुलाला माशी हवी आहे का, आणि हवी असेल तर कोणती? याचे उत्तर चुकले तर पेट्या कितीही आणा, माश्या छताला धडकून मरतात आणि फुले गळतच राहतात.

काकडीपासून सुरुवात करू, कारण सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. हरितगृहासाठी विकल्या जाणाऱ्या काकडीच्या बहुतेक संकरित जाती परागीभवनाशिवाय फळ देणाऱ्या असतात. त्यांना माशी नको. आसपास नर फुले असलेली काकडी असेल आणि माश्यांनी तो पराग इथे आणला, तर फळात बी भरते, टोक फुगते आणि काकडी वाकडी होते. म्हणून बियाण्याचे पाकीट आधी वाचा. जात परागीभवनाशिवाय फळ देणारी असेल तर पेटी आणू नका, उलट माशी आत येणार नाही अशी जाळी लावा. वांगी आणि झुकिनीतही अशा काही जाती आहेत.

खरबूज, कलिंगड, झुकिनीच्या बाकीच्या जाती, लाल भोपळा, कारले यांना मात्र माशी हवीच. यातल्या बहुतेकांत नर आणि मादी फुले वेगळी, पराग चिकट आणि जड. तो वाऱ्याने जात नाही. फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, म्हणजे मादी फुलाला एकच सकाळ मिळते. कलिंगडाचे फळ नीट गोल भरायचे तर कुक्षीच्या (मादी फुलात पराग झेलणाऱ्या टोकाच्या) तिन्ही भागांवर मिळून पाचशे ते हजार परागकण पडावे लागतात. एका भेटीत ते होत नाही, सात-आठ भेटी लागतात. बिनबियांच्या कलिंगडात स्वतःचा पराग निरुपयोगी असतो. तिथे पराग पुरवणारी बियांची जात मध्ये लावली नसेल तर माश्या काहीच करू शकत नाहीत. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्यांचा दिवस संपत आलेला असतो. या दोन पिकांसाठी हाताने परागीभवन करणे हाच खात्रीचा मार्ग.

टोमॅटो आणि वांग्याची गोष्ट निराळी. एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, पण पराग परागकोषाच्या आत बंद असतो. फूल थरथरले तरच तो बाहेर पडतो. बंबल बी, म्हणजे भुंग्यासारखी जाड, केसाळ माशी, परागकोषांना जबड्याने धरून छातीचे स्नायू थरथरवते आणि पराग झाडून घेते. मधमाशीला हे जमत नाही. शिवाय टोमॅटोच्या फुलात मकरंद नसतो, त्यामुळे दुसरे काही मिळाले तर ती टोमॅटोकडे फिरकत नाही. ढोबळी मिरचीचे फूल या दोन्हींच्या मधले: स्वतःच्या परागानेही फळ धरते, पण माशी आली की फळात बी समान भरते आणि आकार सुधारतो. मिरचीसाठी मधमाशी किंवा डंखरहित माशीही चालते.

माशी कोणती

१९८०च्या दशकाच्या अखेरीस बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये टोमॅटोसाठी बंबल बी विकायला सुरुवात झाली. त्याआधी मजूर हातात कंपन यंत्र घेऊन प्रत्येक घोस हलवत फिरायचे. आज अनेक देशांत ही पद्धत रुळली आहे, पण सगळीकडे ती योग्य नाही. चिलीत आणलेली युरोपीय बंबल बी हरितगृहांतून बाहेर पसरली आणि तिथली मूळची मोठी, केशरी बंबल बी मागे हटत गेली. तुमच्या प्रदेशात ही माशी मूळची नसेल किंवा आणायला परवानगी नसेल, तर आडमार्गाने पेट्या मिळवू नका. हाती धरायचे कंपन यंत्र दर एक दिवसाआड, सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान घोसाच्या देठाला लावले तरी टोमॅटो चांगला धरतो. मजुरी लागते, पण काम होते.

मधमाश्यांमध्ये मेलीफेरा (युरोपीय मधमाशी) आणि सातेरी (भारतीय मधमाशी) दोन्ही पेटीत राहतात. बंदिस्त जागेत सातेरी कमी अस्वस्थ होते असा बऱ्याच जणांचा कल असला, तरी ती अन्नाची चणचण भासली की पेटी सोडते, हे लक्षात ठेवा. डंखरहित माश्या लहान, उष्णता सहन करणाऱ्या आणि मजुरांसाठी निर्धोक. मात्र त्यांची वसाहत फार सावकाश वाढते, त्यामुळे मोठ्या क्षेत्राला पुरेशा मिळणे कठीण.

हरितगृहाची तयारी

छताचे प्लॅस्टिक कोणते आहे ते पाहा. पांढरी माशी आणि फुलकिडे या किडी रोखण्यासाठी अतिनील किरण अडवणारे कागद मिळतात. मधमाशी आणि बंबल बी दिशा ओळखायला हेच किरण वापरतात. अशा कागदाखाली त्या वाट चुकतात, पेटीकडे परतत नाहीत. नवा कागद घालणार असाल आणि माश्या वापरायच्या असतील, तर अतिनील किरण आत येऊ देणाराच घ्या.

जाळी आणि प्लॅस्टिक यांच्यामधल्या फटी बुजवा. माश्या तिथे अडकून मरतात. बाजूचे पडदे गुंडाळून ठेवण्याची सवय असेल तर तिथे जाळी हवीच, कारण बाहेर मोहरी किंवा तीळ फुललेला असताना माशी टोमॅटोच्या फुलावर थांबणार नाही. छताला आतून पाणी साचत असेल तर सकाळी वायुवीजन वाढवा. ओल्या कागदाला माश्या चिकटतात, आणि आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या वर गेली की परागही गोळा होऊन चिकटून बसतो.

पेटी आणताना

साधारण १० ते १५ टक्के फुले उमलली की पेटी आणा. त्याआधी आणली तर खायला काही नसते.

मेलीफेराची मोठी वसाहत हरितगृहात आणणे ही चूक आहे. बाहेर हिंडायची सवय लागलेल्या जुन्या माश्या पहिल्या तीन-चार दिवसांत छताच्या उजळ कोपऱ्यात जमतात आणि तिथेच संपतात. हे पाहून लोक घाबरतात. थोडे नुकसान अटळ आहे, पण ते कमी करता येते. दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या ४ ते ५ चौकटींची (पोळे धरणाऱ्या लाकडी सांगाड्यांची), तरुण माश्या आणि उघड्या अळ्या भरपूर असलेली छोटी पेटी घ्या. १००० चौरस मीटरला अशी एक पेटी पुरते. खरबूज-कलिंगडाला दोन ठेवा. युक्ती अशी: मूळ जागेवर एक रिकामी चौकट-पेटी ठेवून जुन्या माश्यांना तिकडे परतू द्यायचे आणि उरलेल्या तरुण माश्यांसह पेटी हलवायची. अळ्या असल्या की पराग लागतो, आणि पराग लागला की माशी फुलांवर जाते. अळ्या नसलेली पेटी म्हणजे नुसता गोंगाट.

पेटी संध्याकाळी आणा, रात्रभर स्थिर राहू द्या, पहाटे दार उघडा. जागा मधल्या वाटेच्या कडेला, जमिनीपासून अर्धा ते एक मीटर उंच. दारावर सकाळचे ऊन पडावे, कारण वेलवर्गीय फुलांचे काम पहाटेच असते, आणि दुपारी सावली हवी. स्टँडचे पाय तेल-पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या पेटी रिकामी करतात. एकदा ठेवलेली पेटी हलवू नका.

बंबल बीचा खोका थोडा वेगळा: त्यात साखरपाण्याची टाकी असते, म्हणून वाहतुकीत आडवा-उलटा करू नका. जागेवर ठेवून एक-दोन तास थांबा, मग दार उघडा. आतले तापमान ३२ अंशांच्या पुढे गेले की कामकरी माश्या फुले सोडून पेटीत पंख हलवत वारा घालतात. वर पांढरे थर्माकोलचे झाकण ठेवले की फरक पडतो. एक खोका साधारण ६ ते १० आठवडे काम करतो, म्हणून सगळे एकदम न आणता दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने आणा.

खाऊपिऊ घालणे

पेटीत साठा आहे असे गृहीत धरू नका. मधमाश्यांना १ किलो साखर आणि १ लिटर पाणी असा पाक, दर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, पेटीच्या आतच द्या. प्रमाण पाव ते अर्धा लिटर. पाक मिळाला की मकरंदासाठी फिरणाऱ्या माश्या परागाकडे वळतात, आणि आपल्याला तेच हवे असते. पण पोळ्यातली सगळी घरे पाकाने भरली तर राणीला अंडी घालायला जागा उरत नाही. चौकट उचलून पाहा आणि पाक कमी करा. फुले कमी असतील तेव्हा चरबी काढलेले सोयापीठ ३ भाग आणि यीस्ट १ भाग पाकात मळून पातळ वडी चौकटींच्या वर ठेवा. बाहेरचा, अनोळखी पेटीतला मध कधीही घालू नका. त्यातून अळ्यांचे रोग येतात.

पाण्याचे उथळ भांडे ठेवा, त्यात खडे किंवा काड्या टाका. ठिबकच्या गळतीवर माश्या बसू लागल्या तर त्या खतमिश्रित पाणी पितात.

काम होतेय का, ते पाहणे

टोमॅटोत तपासणी सोपी आहे. बंबल बी बसून गेलेल्या फुलाच्या परागकोषावर तपकिरी डाग पडतो. पाकळ्या मिटू लागलेली ५० फुले वेगवेगळ्या ओळींतून पाहा. ४५ वर डाग असेल तर पुरे. निम्म्याहून कमी असेल तर माश्या कमी आहेत किंवा फार गरम होते आहे. डाग काळे आणि परागकोष फाटलेले असतील तर माश्या जास्त झाल्या. खोका अर्धा दिवस बंद ठेवा.

वेलवर्गीय पिकांत सकाळी उमललेल्या २० मादी फुलांना दोरा बांधा आणि चार-पाच दिवसांनी मोजा. टोकाकडून पिवळी पडून सुकलेली छोटी फळे म्हणजे पराग कमी पडला. मात्र वेलीवर आधीच तीन-चार फळे वाढत असतील तर नवी गळणारच, त्यात माशीचा दोष नाही. टोमॅटोतही दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर किंवा रात्रीचे २४ च्या वर राहिले तर परागच निकामी होतो. पेट्या वाढवून ते सुटत नाही, सावलीची जाळी आणि वायुवीजन वाढवावे लागते.

बंदिस्त जागेत मधमाश्यांची पेटी दोन-तीन आठवड्यांत अशक्त होते. अळ्या घटताना दिसल्या की ती बाहेर मोकळ्यावर नेऊन दुसरी ठेवा.

फवारणी

या बाबतीत तडजोड नको. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम गटातली औषधे ठिबकातून दिली तरी परागात उतरतात आणि आठवडेच्या आठवडे राहतात. माश्या आणायच्या असतील तर ती लागवडीपासूनच वगळा. स्पिनोसॅड किंवा ॲबामेक्टिन ओले असताना माश्यांना मारक असते. कुठलेही औषध मारायचे तर आदल्या संध्याकाळी पेटीचे दार बंद करा. बंबल बीच्या खोक्याला माश्यांना आत येऊ देणारे पण बाहेर न सोडणारे असे एक दारही असते. ते फवारणीच्या किमान दोन तास आधी लावा. पेटी घराबाहेर सावलीत न्या आणि औषधाच्या लेबलवर लिहिलेला काळ उलटल्यावरच परत त्याच जागी ठेवा. बुरशीनाशक निर्धोक वाटते, पण त्यात मिसळलेला चिकटद्रव माश्यांचे पंख ओले करतो, तेव्हा तेही दिवसा मारू नका.

मजुरांसाठी: पेटीच्या दारासमोर उभे राहू नये, गडद कपडे आणि अत्तर टाळावे. नांगी बसली तर लगेच नखाने खरवडून काढावी. श्वास लागणे, ओठ किंवा घसा सुजणे, चक्कर ही लक्षणे दिसली तर एक क्षणही न थांबता रुग्णालय गाठावे. आधी माशी चावून असा त्रास झालेल्या माणसाला त्या घरात कामाला लावू नये.

हंगाम संपल्यावर मधमाश्यांची पेटी संध्याकाळी बाहेर न्या, पाक देऊन सावरू द्या. बंबल बीचा खोका रिकामा वाटला तरी उघड्यावर टाकू नका. शेवटच्या काळात त्यात नव्या राण्या जन्मतात आणि त्याच बाहेर पसरतात. दार बंद करून खोका किमान २४ तास डीप फ्रीजरमध्ये ठेवा, मगच त्याची विल्हेवाट लावा.