बाळाचं डायपर, अंघोळ, कपडे: नुसतं उरकू नका, असं करून बघा

डायपर, दूध, अंघोळ, कपडे, झोपवणं, दिवसभर हेच चालू असतं आणि आपल्याला वाटतं हे एकदाचं उरकलं की बाळाशी निवांत खेळू. पण बाळासाठी हाच तर आपल्यासोबतचा खरा वेळ असतो! नवजात बाळाचं डायपर दिवसातून ८-१० वेळा तरी बदलावं लागतं आणि त्याला सुरुवातीला २०-३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे त्याच्यावर वाकलेला आपला चेहराच.

१) आधी सामान हाताशी घ्या, फोन लांब ठेवा. एक हात कायम बाळावर, कारण कूस बदलायला शिकलेलं बाळ क्षणात कडेला जातं.

२) उचलायच्या आधी सांगा. मागून येऊन एकदम उचलू नका, समोर या, हात पुढे करा, "आता उचलते हं तुला" म्हणा आणि थांबा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे थांबणंच आहे, आणि तेच आपण गाळतो. हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. एमी पिकलर यांनी १९४६ साली बुडापेस्टमध्ये आईवडिलांविना राहिलेल्या बाळांसाठी संस्था सुरू केली, तिथे सांभाळणाऱ्या बायकांना हेच शिकवायचे, की बाळं कितीही असोत, ज्याचं आवरतोय त्याच्याकडेच पूर्ण लक्ष द्यायचं आणि काय करणार ते त्याला आधी सांगायचं.

३) बाही घालताना हात ओढू नका, "हात दे" म्हणून वाट बघा. पहिले काही महिने काहीच होणार नाही, तरी बोलत राहा, मग हळूहळू ते हात सैल सोडतं, पुढे स्वतःच बाहीत घालायला लागतं. आपल्याला विचारतात, आपलीही मदत लागते, हे त्याला इथेच कळतं.

४) अंघोळीचं पाणी साधारण ३७ डिग्री, कोपर बुडवून बघा. पाण्यात एकटं एक सेकंदही सोडायचं नाही. क्रम रोज तोच ठेवा, पुढे काय येणार हे माहीत असलं की बाळ कमी घाबरतं.

५) चालायला लागलेलं मूल आडवं पडायला तयारच नसतं, मग उभ्यानेच बदला, "हा शर्ट की तो?" एवढंच विचारा. पहिला दात आल्यापासून दिवसातून दोनदा ब्रश, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, आणि ब्रश आधी त्याच्या हातात.

सगळंच निवांत जमणार नाही, कामं असतात, थकवा असतो. मग रोजचं एकच काम निवडा, संध्याकाळची अंघोळ म्हणा, आणि ते घाई न करता करा, बाकीची पटापट झाली तरी चालतील, फक्त तेव्हाही काय करतोय ते बाळाला सांगत राहा.