अंगावरचं पिणं सोडवायचं कसं? घाई न करता, एकेक वेळ धरून

आमच्याकडे गणपतीला मुंबईची माणसं आली की आधी पोरांच्या वयाचा हिशेब होतो. पडवीत झोपाळ्यावर बसून पोराला पदराखाली घेतलं, की कोणीतरी विचारणारच, “अगो, अजून किती दिस पाजतलंस?” पोर दीड वर्षाचं असो की अडीच, प्रश्न तोच. म्हणून सुरुवातीलाच सांगते, लोकांच्या घाईने काही करू नका. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या खाण्यासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त पाजावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. दुसऱ्या वर्षातही मुलाला लागणाऱ्या उष्मांकांपैकी साधारण एक तृतीयांश या दुधातून मिळू शकतात. त्यामुळे “आता त्या दुधात काय उरलंय” हे बोलणं कानाआड करायचं. तुम्हाला सोडवायचं असेल तेव्हा सोडवा. नोकरी असेल, झोप होत नसेल, किंवा नुसता कंटाळा आला असेल. कंटाळा हे कारणही पुरेसं आहे.

मी दोनदा सोडवलं. थोरलीचं एका दिवसात, धाकट्याचं दोन महिन्यांत.

थोरलीच्या वेळी घरातल्यांनी पालेकिराईताचा कडू पाला वाटून दिला आणि लाव म्हणाले. तिने एकदा तोंड लावलं, थुंकली, माझ्याकडे बघितलं आणि उठून पायरीवर जाऊन बसली. रडलीसुद्धा नाही. सगळे म्हणाले, बघ, किती सोपं! पुढच्या दोन रात्री ती झोपली नाही, वाटीतलं दूधही घेईना. तिसऱ्या दिवशी माझी छाती दगडासारखी झाली, डाव्या बाजूला लाल चट्टा उठला आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. दूध असं झटक्यात बंद करत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. जितकं दूध बाहेर जातं तितकं शरीर पुन्हा बनवतं आणि साठून राहायला लागलं की हळूहळू बनवणं कमी करतं. हे जमायला दिवस लागतात. कडू लावणं, कुंकू किंवा लाल लिपस्टिक फासून “बाऊ झाला” म्हणणं, पोराला चार दिवस मामाकडे पाठवणं, या सगळ्यांत तेवढा वेळच मिळत नाही.

आधी तीन दिवस नुसतं बघा

धाकटा बावीस महिन्यांचा असताना मी तीन दिवस काहीही बदललं नाही. तो पिऊन झाला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहायची आणि त्यापुढे एका शब्दात कारण. सकाळी उठल्यावर, भूक. दहा वाजता, मी स्वयंपाक उरकून झोपाळ्यावर टेकले म्हणून. दुपारी, झोप. चारच्या सुमाराला, कंटाळा. कोणी नवीन माणूस दारात आलं की, लाज. रात्री झोपताना आणि मग मध्यरात्री दोनदा, सवय. आठ वेळांपैकी खरी भूक एकदाच, फार तर दोनदा. बाकीच्या वेळी त्याला दूध नकोच होतं, मी हवी होते. हे कागदावर दिसलं तेव्हा पुढचं काम सोपं झालं, कारण भुकेला खायला देता येतं, पण लाजेला नाचणीची पेज देऊन भागत नाही.

सगळ्यात सोपी वेळ आधी

कंटाळ्याची आणि “आई बसली” म्हणून पिण्याची वेळ पहिली तोडायची. मी दहा वाजता झोपाळ्यावर बसणंच बंद केलं. त्या वेळी त्याला घेऊन कोंबड्यांना तांदूळ टाकायला जायचे, नाहीतर माडाच्या आळ्यात पाणी घालायला. पुढून बटणं असलेला गाऊन घडी घालून कपाटात ठेवला आणि बंद गळ्याचा कुर्ता घालायला लागले. चारच्या कंटाळ्याला शेजारच्या पोरांत सोडून यायचं. एक वेळ सुटली की पाच ते सात दिवस थांबा, छाती हलकी वाटली की मगच दुसरी धरा. एका वेळी एकच.

आपणहून द्यायचं नाही आणि मागितलं तर लगेच झिडकारायचंही नाही. “भात खाऊन झाला की” एवढं म्हटलं तरी दोन वर्षांचं पोर बऱ्याचदा विसरतं. विसरलं नाही तर द्या, पण थोडा वेळ. माझा धाकटा पिताना मंगळसूत्राचे मणी चाचपत राहायचा. मी ते मणी मोठ्याने मोजायला लागले. दहा झाले की संपलं. पहिल्या दिवशी चिडला, आठवड्याभरात “धा” ऐकलं की स्वतःच तोंड काढायला लागला.

भुकेच्या वेळेला मागायच्या आधी ताट

सकाळी तो डोळे चोळत यायचा तेव्हा वाटी तयार हवी. मागितल्यावर पेज गार करत बसलात तर हरलात. मी नाचणीचं सत्त्व आठवड्याचं करून ठेवते. नाचणी रात्रभर भिजवायची, वाटायची, कापडातून गाळायची, तळाशी बसलेलं सत्त्व वाळवायचं. सकाळी दोन चमचे गार पाण्यात कालवून मंद आचेवर सतत ढवळायचं, रंग गडद होऊन चकाकी आली की गूळ आणि थोडं नारळाचं दूध. एरवी उकड्या तांदळाचा मऊ भात, कुळथाची पिठी, अंडं, घावणे, वेलची केळं. मासा देताना मुडदुशीपासून सुरुवात करा. चवीला सौम्य असते आणि मांस सहज सुटतं, तरी काटे बोटांनी चाचपून काढायचेच. काजूगर आणि फणसाची आठळी अख्खी देऊ नका, घशात अडकते.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार जेवणं आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी लागतं. गाईचं किंवा म्हशीचं दूध उकळून पेल्याने द्या, बाटली आणू नका, नाहीतर सहा महिन्यांनी ती सोडवायला दुसरा लेख शोधावा लागेल. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध नको. पोट दुधाने भरलं की मूल जेवत नाही आणि दुधात लोह फारच कमी, मग अंगात रक्त कमी होतं. चहा-बिस्किट तर नकोच.

रात्र शेवटी, आणि बापाच्या हाती

रात्रीचं पिणं सगळ्यात चिवट. आमचे हे ट्रॉलरवर असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे ६१ दिवस माणूस घरात. मी दिवसाच्या वेळा मे महिन्यात सोडवल्या आणि रात्रीचं काम जूनवर ठेवलं. पोर बाप आणि भिंत यांच्या मध्ये, मी दुसऱ्या खोलीत. रात्री जाग आली की आधी बापाचा हात लागला पाहिजे, थोपटायचं, फुलपात्रातून घोटभर पाणी द्यायचं, अगदीच रडलं तर खांद्यावर घेऊन पडवीत फेऱ्या. पहिल्या रात्री तो पाऊण तास रडला, दुसऱ्या रात्री त्याहून जास्त, मी इकडे कौलांवरचा पाऊस ऐकत जागी. चौथ्या रात्री एकदाच उठला. एकट्याला रडत ठेवायचं नाही, कोणीतरी धरून बसलेलं हवं. बाप नसेल तर आजी, मावशी, कोणीही चालेल, फक्त तिच्या अंगाला दुधाचा वास नको.

पावसात एक धोका आहे. विहिरीचं पाणी गढूळ होतं, जुलाब सुरू होतात. आमच्याकडेही मध्येच झाले. मी मोजणं सोडलं, मागेल तेव्हा पाजलं, ओआरएस आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक सुरू केलं, पाणी उकळून. आठवडा वाया गेला असं कोणी म्हणालं, मला तसं वाटत नाही. ताप, जुलाब, नवं घर, घरात नवं बाळ, आई पहिल्यांदा कामावर जातेय, अशा दिवसांत सोडवायला घेऊच नका.

छातीचं बघा

भरून आली तर हाताने थोडं काढा, फक्त सैल वाटेपर्यंत. पूर्ण रिकामी केलीत तर शरीर तेवढंच पुन्हा बनवतं. गार पाण्यात भिजवलेला कपडा ठेवा, आधार देणारी पण न आवळणारी ब्रा घाला. पट्टा करकचून बांधायची जुनी पद्धत दुखणं वाढवते. शेजारच्या काकींनी मोगऱ्याच्या कळ्या बांधायला सांगितल्या. बांधल्या, छान गार वाटलं, खोलीभर वास. दूध मात्र पाजणं जसजसं कमी झालं तसतसंच आटलं. लाल चट्टा, दुखरी गाठ आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि त्या बाजूने दूध काढणं थांबवू नका. दूध आटवायच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका.

मन उगाच भरून येतं, चिडचिड होते. पाजणं कमी झालं की शरीरातले हार्मोन बदलतात, त्याचा हा भाग आहे. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप-जेवण उडालं तर तेही डॉक्टरांना सांगा. “पाजतेय म्हणजे दिवस जाणार नाहीत” हा हिशेब पहिल्या सहा महिन्यांपुरताच, तोही बाळ फक्त आईच्या दुधावर असेल आणि पाळी सुरू झालेली नसेल तरच. आत्ता त्यावर अजिबात विसंबू नका. आशाताईंशी गोळ्या किंवा तांबीबद्दल बोलून घ्या.

शेवटची वेळ सुटल्यावरही काही महिने दाबलं तर थेंबभर दूध येतं. तपासायला म्हणून दाबत बसू नका, दाबलं की येत राहतं. रक्त किंवा गाठ दिसली तर मात्र दाखवा.

धाकटा आता चार वर्षांचा आहे. झोपताना अजून मंगळसूत्राचे मणी मागतो आणि स्वतः मोजतो, पाचानंतर थेट सात.